समुद्राकाठचं घर, लाकडाचं छप्पर आणि आजोबांच्या वाड्याचं सागवान

तेरणाकाठ (लातूर)

राम राम मंडळी. घर कोकणात बांधायलो, पण प्रश्न मुद्दाम आपल्या मराठवाड्याच्या कट्ट्यावर टाकायलो. कारण त्यातलं लाकूड आपल्याकडचं आहे.

बायकोचं माहेर गुहागरकडचं. सासूबाईंनी त्यांच्या वाट्याची सहा गुंठे जागा लेकीच्या नावावर केली. समुद्र चालत पंधरा मिनिटं, मधे नारळ-सुपारीच्या वाड्या. नऊशे चौरस फुटांचं बसकं घर, भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. आर्किटेक्टनं चित्र काढलं ते असं: छपरावर कॅनडाच्या रेड सीडरच्या लाकडी शिंगल, म्हणजे कौलासारख्या एकावर एक बसणाऱ्या पातळ फळ्या, आणि बाहेरून चारी भिंतींना सीडरचंच आडवं फळकाम. चित्र बघून जीव हरखला. मग कोटेशन आलं. बायको म्हणाली, एवढ्यात सगळी आळी शाकारून होईल.

आता दुसरी बाजू. निलंगा तालुक्यातला आमचा आजोबांचा वाडा उतरवायला काढलाय. आठ खणांचं माळवद, म्हणजे लाकडावर मातीचे थर टाकलेलं सपाट छप्पर. लाकूड सगळं सागवानी: खांब, सरे म्हणजे तुळया, आणि त्यांवरचं किलचन. १९९३ च्या भूकंपात भिंती फाटल्या तेव्हापासून तिथं कोणी राहत नाही. आजी तर त्या पहाटेनंतर शेवटपर्यंत माळवदाखाली झोपली नाही, पत्र्याच्या शेडात बाज टाकायची. जुन्या लाकडाचा व्यापारी घनफुटानं भाव करून गेलाय, आणि भाव असा सांगतो की जणू आमच्यावर उपकार.

तर डोक्यात आलं की सीडर कशाला, हेच सागवान चिरून छपराला आणि भिंतींना वापरावं. खाऱ्या हवेत टिकेल का? कोणी असलं काही केलंय का?

बालाघाट

२०१६ ला रेल्वेनं पाणी पिलेला लातूरकर तीन हजार मिलिमीटर पावसात घर बांधायलाय. आधी छत्री घ्या मालक, छप्पर मागनं बघू.

जालन्याचा लोखंडवाला

आमच्या गावात सळई बनते म्हणून सांगत नाही, पण लाकडाच्या नादी लागू नका. कलर कोटेड पत्रा टाका, वर झोपा.

समुद्राकाठची सून

लोखंडवाले दादा, पत्र्याखाली जुलैत झोपून दाखवा. पावसाच्या आवाजात शेजारच्या माणसाशी बोलायला फोन लावावा लागतो.

मी परभणीची, लग्न होऊन दापोलीकडं आले त्याला अठरा वर्षं झाली. खारी हवा म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला सांगून कळत नाही. गॅलरीतला कपड्यांच्या तारेचा हूक दोन वर्षांत नखानं सोलतो. सायकल तीन पावसाळ्यांत भंगारात. पण गंमत बघा, सासऱ्यांच्या घराचे सागाचे वासे ऐंशी वर्षांचे आहेत आणि टणक आहेत. मीठ लोखंडाला खातं, लाकडाला नाही. लाकडाला खातं ते साचलेलं पाणी आणि वाळवी. चार महिने इथं काही वाळत नाही, टॉवेलसुद्धा नाही. भिंतीवरच्या फोटोच्या मागं बुरशी येते, चपलांना येते, पोलपाटाला येते. तुमच्या छपरावर ऑगस्टात हिरवी मखमल दिसेल आणि तिच्यावरून वानर घसरगुंडी खेळतील. वानरांचं थट्टेत घेऊ नका. आमची कौलं वर्षाला पन्नासेक फुटतात ती त्यांच्याच उड्यांनी. पातळ फळी तर ती उचकटून बघतील खाली काय आहे ते.

आणि ३ जून २०२० चं निसर्ग वादळ मी याच घरात बसून पाहिलंय. ते श्रीवर्धन-दिवेआगरकडं जमिनीवर आलं, आम्ही त्याच्या दक्षिणेला, तरी आमची सुपारी आडवी झाली आणि शेजारच्यांचा पत्रा आमच्या विहिरीत आला. छप्पर कशाचंही घाला, ते वाऱ्यानं उचललं जाणार नाही हे आधी बघा.

गोदातीर (नांदेड)

मी व्हँकुव्हरला सात वर्षं साइटवर काढलीत, त्यामुळं सीडरबद्दल थोडं बोलतो. लाकूड वाईट नाही. उलट फार गुणी आहे. वाळलेलं सीडर घनमीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास भरतं, सागवान साडेसहाशेच्या घरात. हलकं, सरळ, फारसं वेडंवाकडं न होणारं. दोन प्रकार असतात: करवतीनं चिरलेली ती शिंगल, आणि लाकडाच्या धारेनं फोडून काढलेली जाड खडबडीत ती शेक. सोळा इंची शिंगल लावली तर तिचा पाचच इंच भाग उघडा ठेवायचा, बाकी वरच्या ओळीखाली. म्हणजे छपरावर कुठंही बोट ठेवा, खाली तीन थर. पाण्याला आत यायला तीन दारं ओलांडावी लागतात, म्हणून ते गळत नाही. खाली प्लायवूड गच्च न मारता रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या मारतात, मधे फट ठेवून, म्हणजे फळी पोटाकडूनही वाळते.

आता का घालू नये ते. तिकडंही पाऊस भरपूर, वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटर, पण तो बहुतेक हिवाळ्यातला, थंडगार. त्या थंडीत बुरशी आळसावते. कोकणात त्याच्या तिप्पट पाऊस आणि वर सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची ऊब. बुरशीसाठी ते मंगल कार्यालयच. सीडरमध्ये किडीला आणि कुजण्याला रोखणारी जी द्रव्यं असतात ती पाण्यात विरघळतात, दर पावसात थोडी थोडी धुऊन जातात. तिकडचं तीस वर्षांचं छप्पर कोकणात किती चालेल याची हमी मी तरी देणार नाही. शिवाय आग. साध्या सीडरच्या छपराला आगीत फार खालचा दर्जा मिळतो, औषध दाबून भरलेलं घेतलं तर जरा वरचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणातल्या माळांवर वणवे लागतात हे समुद्राकाठच्या ताई सांगतीलच.

लाकडी छप्पर आपल्या देशाला नवीन आहे असं मात्र नाही. मनालीचं हिडिंबा मंदिर १५५३ चं, त्याची खालची तीन छपरं लाकडी फळ्यांचीच. पण तिथं देवदार आहे, बर्फ आहे, आणि फळ्या बदलणारी माणसं पिढ्यान् पिढ्या तिथंच आहेत. तुम्ही लातूरला बसून दापोलीचा का गुहागरचा सुतार फोनवर शोधणार.

तेरणाकाठ

सीडर बाद समजतो. पण मग सागाच्या शिंगल? साग तर वाळवीला पुरून उरतो म्हणतात.

सुतारनेट (उदगीर)

सागाचा गाभा पुरून उरतो. बाहेरचा पांढुरका भाग वाळवी शेवयांसारखा खाते. जुना सरा दिसायला अख्खा असतो, पण त्याच्या कडेला हे पांढुरकं किती आहे ते चिरल्यावरच कळतं.

पण त्याआधी हिशेब करा. माझा बाप वाडे उतरवायचा, मीही दोन-तीन उतरवलेत. आठ खणांच्या वाड्यातून चांगलं, कामाला येणारं लाकूड दीडशे घनफूट निघालं तर देवाला नारळ फोडा. छप्पर तुमचं पागोळ्या धरून चौदाशे चौरस फुटांचं होईल. तीन थर म्हणजे चार हजारावर चौरस फूट शिंगल. इतकी पातळ फळी चिरताना निम्मं लाकूड भुश्शात जातं. म्हणजे आजोबांचा अख्खा वाडा छपरावर चढवला आणि निम्मा गिरणीवाल्याच्या बंबात घातला. शंभर वर्षं वाळलेला, बारा-बारा इंची सरा, तो चिरून पापड करायचा? माझ्या हातनं नाही व्हायचं.

त्यापेक्षा भिंतीचं बघू. चारी भिंतींना फळ्या कशाला? कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडनं मारतो. त्या दोन भिंतींना लावा, तिथं त्यांना खरं काम आहे. सहाशे चौरस फूट धरा, पाऊण इंची फळी, कापणीची नासाडी धरून साठ घनफुटांत बसतं. उरलेल्याचे वासे, खांब, दारं.

समुद्राकाठची सून

अगदी बरोबर. चिरा पाणी पितो. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून दरवर्षी ओल यायची म्हणून पूर्वी मे महिन्यात नारळाच्या झावळ्यांची झापं बांधायचे, दिवाळीला सोडायचे. तुमचं फळकाम म्हणजे बारमाही झापच की. 😄

अंबाजोगाईकरीण

थोडं विषयांतर करते, राहवत नाही म्हणून. त्या लाकडाला चिरण्याआधी एकदा नमस्कार करा. ३० सप्टेंबर १९९३ ला मी आठवीत होते. विसर्जनाची मिरवणूक बघून सगळे उशिरा झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमारास ते झालं. नंतर कितीतरी वर्षं आमच्याकडं म्हणायचे, माळवदानं माणसं मारली. लोकांनी सागवानी वाडे मातीमोल भावात फुंकले आणि स्लॅब टाकले.

माझे वडील बांधकाम खात्यात होते, त्या वेळी पाहणीला जायचे. ते म्हणायचे, लाकडाचा काही गुन्हा नव्हता. गळती लागली की लोक माळवदावर पांढऱ्या मातीचा अजून एक थर टाकत गेले, दरसाली. कुठं दोन फूट, कुठं त्याहून जास्त. आणि ते ओझं कशावर, तर मातीत रचलेल्या दोन पदरी दगडी भिंतींवर, ज्यांचे दोन पदर एकमेकांना बांधलेलेच नव्हते. जिथं माळवद खांबांवर उभं होतं, म्हणजे खणाचं घर, तिथं बरेचदा भिंती बाहेर ढासळल्या पण खांब-सरे उभे राहिले आणि त्याखाली माणसं वाचली.

गोदातीर (नांदेड)

ताईंच्या वडिलांचं शंभर टक्के खरं. कोरड्या मातीचा एक घनफूट पंचेचाळीस किलोच्या आसपास. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे नऊ टन. डोक्यावर भरलेला ट्रक उभा करून झोपायचं. तेवढ्याच जागेवर मंगलोरी कौलं जेमतेम चारशे किलो. सीडर तर शंभर-सव्वाशे.

पण इथं एक मेख आहे. भूकंपात हलकं छप्पर तारतं, वादळात तेच हलकं छप्पर उडतं. रत्नागिरी जिल्ह्याला कोयनेचे हादरे बसतात आणि वादळंही येतात. म्हणून छप्पर हलकंच ठेवा पण बांधून ठेवा. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा, त्यात रोवलेले बोल्ट, बोल्टाला वासे. पागोळ्यांकडच्या आणि आढ्याजवळच्या ओळींची कौलं तारेनं रिपांना बांधायची.

तेरणाकाठ

अंबाजोगाईच्या ताई, हे वाचून जरा थांबलो होतो. आमच्या वाड्यातही असंच झालं होतं. रस्त्याकडची भिंत पूर्ण खाली, आणि माळवद खांबांवर तसंच. चुलते सरपटत बाहेर आले ते त्याच खणातून. आम्ही मात्र तीस वर्षं म्हणत आलो की वाडा बाधला.

बरं. छपराला कौलं, हे ठरलं. वासे वाड्याच्या सऱ्यांतून. आता नैर्ऋत्येच्या दोन भिंतींचं फळकाम नीट सांगा. खिळे कुठले, तेल कुठलं, फट किती?

सुतारनेट (उदगीर)

बसा मग. हे लांबेल.

पहिलं, फळी भिंतीला चिकटवून मारायची नाही. भिंतीवर आधी उभ्या रिपा, पाऊण-एक इंचाच्या, त्यावर आडव्या फळ्या. मागं हवा खेळली पाहिजे. खाली आणि वर फट उघडी ठेवायची, तिथं बारीक जाळी, नाहीतर उंदीर आणि गांधीलमाश्या भाड्यानं राहतील. पाणी फळीच्या मागं जाणारच, झडीचा पाऊस आहे तो. त्याला खाली उतरायला वाट आणि नंतर वाळायला वारा, एवढं दिलंत की नव्वद टक्के काम झालं. मी पाहिलेलं प्रत्येक कुजलेलं फळकाम मागून कुजलेलं होतं, पुढून चकाचक.

दुसरं, फळी फुगते. आपल्याकडचं लाकूड एप्रिलात खडखडीत असतं, ओलावा सात-आठ टक्के. तेच गुहागरला पावसाळ्यात सोळा-अठरावर जातं. सहा इंची सागाची फळी एवढ्यानं दोन-तीन मिलिमीटर रुंद होते. ऐकायला काही नाही, पण भिंतीवर वीस फळ्या एकीवर एक घट्ट बसवल्या तर दोन इंच जागा मागतील, आणि जागा नाही मिळाली तर पोट काढतील. एकदा उदगीरची दारं मुरुडला नेऊन बसवली होती आम्ही, मे महिन्यात, कार्डासारखी सरकायची. जुलैत मालकाचा फोन, बाथरूममध्ये अडकलोय म्हणून. म्हणून फळ्या चिरून झाल्या की तिकडं न्या आणि एक पावसाळा तिथल्या हवेत पट्ट्या घालून रचून ठेवा. छपराखाली, चारी बाजूंनी वारा लागेल अशा. दिवाळीनंतर बसवा. वरची फळी खालचीवर अर्धा-पाऊण इंच आली पाहिजे पण घट्ट नको, आणि प्रत्येक रिपेवर फळीला एकच स्क्रू, खालच्या कडेजवळ. दोन मारले की फळीला हलता येत नाही, मग मधोमध फाटते.

तिसरं, स्क्रू. साधं लोखंड नाही, जस्त चढवलेलंही नाही. गंजेल ते गंजेलच, पण त्याआधी लाकूड काळं करेल. लोखंडी कढईत आवळकाठी भिजवली की कशी काळी होते? तसंच. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड भेटले की शाई तयार, प्रत्येक खिळ्याखाली काजळाचा ओघळ. स्टेनलेस घ्या, आणि त्यातही ३१६ नंबरचं. ३०४ आपल्याकडं चालतं, समुद्राकाठी त्यावरसुद्धा चहासारखे डाग येतात.

चौथं, फळीचं टोक. पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं, जसं पेंढीच्या बुडातून. कापलं की लगेच टोकाला सीलर. आणि सगळ्यात खालची फळी जमिनीपासून दीड-दोन फूट वर. लाल मातीचे शिंतोडे उडतात तिथं.

जालन्याचा लोखंडवाला

३१६ आमच्याकडून घ्या तर मग. शेवटी लोखंडाशिवाय उभं नाही राहिलं तुमचं घर. 😂

बालाघाट

तेलाचं राहिलं की. आपल्याकडचं जवसाचं तेल पाजा. घाण्याचं, लातुरात ताजं मिळतं.

समुद्राकाठची सून

नको नको! जवसाचं कच्चं तेल कोकणात बुरशीचं खाद्य. माझ्या आईनं हौसेनं परभणीहून पाच लिटर पाठवलं होतं, झोपाळ्याला लावलं, श्रावणात झोपाळा काळा ठिक्कर. इथं होड्यांना, वाशांना पूर्वी काजूच्या टरफलांचं तेल लावायचे. कीड फिरकत नाही. पण ते अंगाला लागलं की फोड येतात, बिब्ब्यासारखे, त्यामुळं हातमोजे घालून, आणि हात लागेल अशा जागी नकोच.

सुतारनेट (उदगीर)

मी तर म्हणतो फळकामाला काहीच लावू नका. उन्हानं साग वरून राखाडी पडतो, चांदीसारखा. ते कुजणं नाही, वरचा कागदाएवढा थर रंग सोडतो इतकंच. व्हार्निश मात्र अजिबात नाही. ऊन-पावसात त्याचे पापुद्रे निघतात, पापुद्र्यामागं पाणी अडतं, आणि दर दोन वर्षांनी तुम्ही सॅण्डपेपर घेऊन शिडीवर.

गोदातीर (नांदेड)

दोन कागदी गोष्टी. सागवान जिल्ह्याबाहेर न्यायचं तर वाहतूक परवान्याचं वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा. वाडा उतरवतानाचे फोटो, घराचा उतारा, ग्रामपंचायतीचा दाखला जवळ ठेवा. आम्ही किनवटकडची माणसं, सागाच्या ट्रकचं काय होतं ते लहानपणापासून बघत आलोय. दुसरं म्हणजे सीआरझेड, किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध. समुद्र चालत पंधरा मिनिटं म्हणजे तुम्ही बहुधा सुटलात, पण खाडी जवळ असेल तर तिची भरतीरेषाही मोजली जाते. नकाशावर बघून घ्या.

तेरणाकाठ

मंडळी, महिन्यानं लिहायलो.

पंधरा दिवसांखाली माळवद उतरवलं. सहा ट्रॅक्टर माती निघाली, शेतात टाकली. सगळ्यांनी ज्या सऱ्यांची भीती घातली होती ते मधे अख्खे आहेत, फक्त भिंतीत रुतलेली टोकं गेली. हातानं चुरा होतोय. सुतारनेट म्हणाले तसं पाणी टोकातूनच शिरलेलं. दीड-दीड फूट कापून टाकावं लागलं. मोजून एकशे बारा घनफूट भरलं, म्हणजे दीडशेचा नारळ वाचला. वासे होतील, एका भिंतीचं फळकाम होईल. दुसऱ्या भिंतीला मे महिन्यात झापं बांधू असं सासूबाईच म्हणाल्या, त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

परवान्याचा अर्ज दिलाय. पण गिरणीवाला चिरून द्यायला तयार नाही. जुन्या लाकडात खिळे असतात, पातं तुटलं तर पैसे कोण देणार म्हणतो.

सुतारनेट (उदगीर)

त्याचं बरोबर आहे. तुटलेलं पातं उडून माणसाला लागतं. आधी सगळे सरे तासून घ्या, मग स्पीकरचं मोठं चुंबक दोरीला बांधून चारी अंगांनी फिरवा. जिथं ओढेल तिथं खडूची खूण. बाळंतिणीच्या खोलीतला सरा नीट बघा, पाळण्याचा कडा तिथं असतो.

तेरणाकाठ

चुंबक फिरवलं. एकेचाळीस खिळे, दोन कडे, आणि देवघरावरच्या सऱ्यात एक घोड्याचा नाल. पाळण्याचा कडा चुलत्यांनी मागून घेतला. दुसरा कडा कशाचा ते कोणालाच आठवत नाही. तो तसाच ठेवून तेवढा तुकडा पडवीच्या आढ्याला लावायलोय, झोपाळ्यासाठी.

समुद्राकाठची सून

जवसाचं तेल लावू नका त्याला.